लेन्सवरचा डाग

माझ्या लेकीचं कौतुक मी सांगायला लागलो की लोक घड्याळाकडे बघतात. पण आज ऐकाच. ती ड्रोनवरून जंगली जनावरं टिपते. लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स असते, म्हणून ड्रोन ती इतका दूर ठेवते की जनावराला त्याची घरघर कळतही नाही. जनावरानं मान वर केली की आपण हरलो, हा नियम तिच्या आईचा. आई याच दरीत पायी फिरून लांडगे टिपायची. एका हिवाळ्यात गेली ती परत आलीच नाही. ना ती सापडली, ना तिचा कॅमेरा.

त्या सकाळी एका लांडगिणीची पिल्लं टिपायची होती. नेहमीचंच काम. लेक पडद्याकडे बघते, मी आकाशातल्या ड्रोनवर लक्ष ठेवतो. ड्रोन वर गेला आणि ती चरफडली.

"बाबा, तुमचा अंगठा लागलाय लेन्सला. कोपरा धुरकट दिसतोय."

"तुझ्या आईनं आधी मफलरच्या टोकानं लेन्स पुसली असती, मग मला फैलावर घेतलं असतं."

ती हसली. मग एकदम पडद्यावर वाकली.

पडद्यावर गुहेपुढचा सपाट खडक होता. लांडगीण ऊन खात पडली होती. तिचं एक पिल्लू मात्र खडकावर नव्हतं. खडकाच्या वीतभर वर, नुसत्या हवेत, अंगाचं मुटकुळं करून ते झोपलं होतं, कुणाच्या मांडीवर झोपावं तसं. त्याच्या कानामागचे केस दुभंगत होते... पुन्हा मिटत होते. वारा अजिबात नव्हता.

"बाबा... आई माझ्या कानामागे अशीच बोटं फिरवायची."

झूम संपला होता. आणखी बघायचं तर ड्रोन पुढे न्यायला हवा होता. तो पुढे गेला असता तर लांडगीण बिथरली असती, पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवली असती, आणि अशा हलवाहलवीत एखादं दगावतंच. हे सगळं ठाऊक असून मीच 'ने पुढे' म्हणणार होतो.

लेकीचा अंगठा रिमोटवर होता. डोळे भरून आले होते.

"नको," ती हळूच म्हणाली. "मान वर होईल तिची." आणि तिनं ड्रोन तसाच, तोंड न वळवता, मागे घ्यायला सुरुवात केली.

माझा ऊर भरून आला. आईच्या इतक्या जवळ जाऊन माघारी फिरणारी लेक माझी आहे, हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगेन.

दुपारी घरी चित्रण लावलं. ड्रोन मागे सरतो, तसं पिल्लू अलगद खडकावर उतरतं, कुणी जपून ठेवल्यासारखं. लांडगीण मान वर करत नाही. थोडा वेळ काहीच होत नाही. मग, ड्रोन झाडांच्या शेंड्यांच्याही कितीतरी वर, उघड्या आकाशात असताना... माझ्या अंगठ्याचा डाग पुसला जातो. सावकाश, गोल गोल, मधून कडेकडे. तिची आई पुसायची तसाच.

"आईला आवडलं वाटतं आपलं काम," लेक म्हणाली.

मी हो म्हणालो. ड्रोन तेव्हा आमच्याकडे परत येत होता, म्हणजे पुसणारीही त्याच्याबरोबर आमच्याकडेच येत होती, हे मी बोललो नाही.