डावा तिचा, उजवा त्याचा

दवाखान्याच्या बाकावर बसून ती एका हाताने गेम खेळत होती आणि गेम तिची पार फजिती करत होता. हातातल्या त्या छोट्या पडद्यावर ठिपके सरसर खाली यायचे. गाण्याचा ठेका पडला रे पडला की नेमकं बटण दाबायचं. डावी बटणं डाव्या अंगठ्याला, उजवी उजव्याला. पण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये! लोकांचे केस कापता कापता बाईसाहेब स्टुलावरून पडल्या होत्या.

"उजवी बाजू मी सांभाळू का?"

तिने मान वर केली. शिडीवरून पडलेला इलेक्ट्रिशियन. डावा हात प्लास्टरमध्ये, उजवा ठणठणीत. आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

"येतं का तुम्हाला?"

"छे! पण हात तर आहे."

झालं, ठरूनच गेलं. बोटांच्या व्यायामाची वेळ साडेदहाची, पण दोघं दहालाच हजर! तीन आठवडे झाले तरी शेवटचं गाणं मात्र हटून बसलेलं. तो हमखास उशिरा दाबायचा. मग ती आपलं प्लास्टर त्याच्या प्लास्टरवर आपटून ठेका धरायची — खट्, खट्, खट्.

"अहो, झोपलात की काय?"

"तुमच्याकडे बघत होतो."

"पडद्याकडे बघा!" ती खेकसायची, आणि पुढचं बटण तिचंच चुकायचं.

आत व्यायामाच्या बाई त्याच्यावर करवादायच्या, "मूठ वळा हो!" "दुखतं," तो म्हणायचा. बोटं ताठच्या ताठ.

गुरुवारी तिचं प्लास्टर निघायचं होतं. "डॉक्टर, आणखी आठवडाभर राहू दे ना," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि सरळ कापायला घेतलं.

बाहेर तो बाकावर होताच. तिचा मोकळा हात पाहून हसला, पण तोंड एवढंसं झालं होतं. "आता दोन्ही हात तुमचेच. माझी काय गरज?"

तिला असा राग आला! इतके दिवस खांद्याला खांदा लावून बसला, आणि एवढंही कळू नये?

"मग उजवी बाजू काय तुझा काका सांभाळणार?"

"तुझा?" तो बघतच राहिला.

"हो, तुझा! बस खाली."

गाणं सुरू झालं. तिचा अशक्त, फिकुटलेला उजवा हात सवयीने त्याच्याकडे गेला. पण आता खट् कुठून वाजणार? तिने त्याच्या प्लास्टरबाहेर आलेल्या बोटांवरच हलकेच ठेका धरला. आणि काय सांगावं — पहिल्यांदाच त्याला एकदाही उशीर झाला नाही. शेवटचा ठिपका... पडद्यावर चांदण्याच चांदण्या!

तिचा हात मात्र तिथेच राहिला होता.

"मी गेमसाठी येत नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे... पहिले दोन दिवस गेमसाठीच."

"मी तर पहिल्या दिवसापासून नाही."

आणि त्याची ती ताठ बोटं एकेक करून वळली, तिच्या बोटांभोवती.

"अगं बाई!" व्यायामाच्या बाई दारातच थबकल्या. "तीन आठवडे घसा फोडून सांगतेय मी! आता नाही का दुखत?"

"दुखतंय ना," तो म्हणाला. मूठ काही त्याने सोडली नाही.