जेवना हात, डावा हात

हर्षाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे भिलाईच्या रिसालीतल्या तिच्या गल्लीला केव्हाच ठाऊक होतं. सुपेल्यातल्या डेंटिंगच्या दुकानाला ते त्या दिवशी कळलं.

चेपलेला मडगार्ड ठोकून घ्यायला ती स्कूटी घेऊन आली होती. बाहेर माघातली अवेळी भुरभुर… तेवढ्यात एक भिजलेला तरुण आत शिरला आणि मोबाइलवरचा फोटो मिस्त्रीपुढे धरून म्हणाला, “भैया, एक पुरानी गाडी के पत्रे पर अंदर से ‘जे’ और ‘डा’ लिखा है. ये जे. डा. कौन थे?”

हर्षानं मान लांब करून पाहिलं आणि फस्सकन हसली. “अवो, ते कोनाचं नाव नाही होय! जेवना हात अन् डावा हात. कोन्ता पत्रा कोन्त्या बाजूचा, ते लिहून ठेवलं.”

“जेवना?” तो मराठीवर आला.

“ज्या हातानं जेवतो, तो. तुमच्याकडे जेवत नाही का लोकं?”

“पुण्यात जेवतात… पण इतकं छान सांगत नाहीत.”

तो हसला. आधी डोळे हसले, मग ओठ. हर्षा उगाचच मडगार्डाकडे बघत बसली. पण तिचं स्वतःचं हसू मात्र मावळलं होतं. पत्र्यावर अशी अक्षरं कोरणारा एकच माणूस तिला माहीत होता… तिचे आबाजी, म्हणजे आजोबा, धोंडबा.

“कोन्ती गाडी होय ही?” तिनं हळूच विचारलं.

सुजय नाव त्याचं. जुन्या गाड्यांचा इतिहास लिहायचा. ही एका संस्थानातली रेसची गाडी. शर्यतीत उलटली, नुसता सांगाडा उरला. एकोणीसशे सदुसष्टला तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमची नवी बॉडी चढली, आणि तशी दुसरी बॉडी जगात नाही. तिचे मालक भय्याजी रायपूरला राहत. बॉडी परदेशात बनली, असं त्यांचं घराणं सांगत आलेलं. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात गाडीची पुस्तिका निघणार होती आणि सुजय तीच लिहीत होता.

धोंडबा भिलाईच्या स्टील प्लांटच्या शीट मेटल शॉपमध्ये कामाला होते. ड्यूटी सुटली की सुपेल्यात येऊन आठ महिने आपण ती बॉडी ठोकली, असं ते सांगायचे. सेक्टर दोनच्या क्वार्टरांत लोक पोट धरून हसत, ‘रेसवाले’ म्हणून चिडवत. शाळेत असताना एकदा मैत्रिणींसमोर हर्षाच चिडली होती, “आबाजी, बस करा नं ते गाडीचं!” तेव्हापासून म्हाताऱ्यानं गाडीचं नाव काढलं नव्हतं. आता वय चौऱ्याऐंशी. दोन्ही डोळे गेलेले.

हर्षानं हे सारं सांगितलं आणि रविवारी सुजय गाडीच्या शेपटाकडचा पत्रा चादरीत गुंडाळून रिसालीला घेऊन आला. धोंडबांनी तो मांडीवर घेतला आणि बोटं फिरवत राहिले.

“इथं थोडी लहर आहे, पाहा,” ते एकदम म्हणाले. “पत्रा नरम कराले आधी साबन फासाचा, मंग जाळ द्याचा. साबन काळा झाला का जाळ बंद. त्या दिवशी मले जाळ बंद कराले उशीर झाला. पत्रा ढिला पडला. मंग मी आतून पट्टी मारली. तिरपी.”

सुजयनं पत्रा उलटा केला. पट्टी होती. तिरपीच.

हर्षा तिथून उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओढणीत तोंड खुपसून रडली. मागून सुजय पाण्याचा ग्लास घेऊन आला. ग्लास देताना त्याची बोटं थोडी जास्तच रेंगाळली आणि तिनंही आपली बोटं सोडवली नाहीत.

पण सुजयनं पट्टी दाखवूनही भय्याजी बधले नाहीत. त्यांनी बजावलं, भिलाईच्या मजुरानं फार तर डागडुजी केली असेल, असं लिहा. नाहीतर पुस्तिका दुसरा कुणी लिहील.

सुजयनं हे हर्षाला दारातच सांगितलं. “तुम्ही म्हणा फक्त. तुमच्यासाठी लिहितो मी खरं.”

हर्षाचा पारा चढला. “माह्यासाठी? म्हणजे मी आवडते म्हणून आबाजीचं नाव? नाही पाहिजे. मंग सारा जलम मी तुमच्याकडे पाहीन, अन् मले वाटत राहीन का तुमी उपकार केले!”

तो निघून गेला. तीन आठवडे ना फोन, ना मेसेज. प्रदर्शन झालं. पेपरात गाडीचा झळझळीत लाल फोटो आला. खाली परदेशी बनावटीची म्हणून लिहिलेलं. हर्षानं पेपर चुरगाळला. मग स्वतःवरच वैतागून पुन्हा सरळ केला, कारण फोटोच्या कोपऱ्यात सुजय कुठे दिसतोय का, ते तिला पाहायचं होतं.

तो आला भर दुपारी. हातात जुन्या गाड्यांचं एक मासिक. पुस्तिकेचं काम त्यानं प्रदर्शनाआधीच सोडलं होतं. चार पानांचा लेख स्वतःच्या नावानं छापून आणला होता, पट्टीच्या फोटोसकट. धोंडबांच्या शेजारी बसून त्यानं तो अख्खा वाचून दाखवला.

म्हातारा ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “नाव बराबर लिवलं का?”

“धोंडबा मेश्राम, शीट मेटल शॉप, भिलाई.”

धोंडबांनी मासिकाच्या पानावरून बोटं फिरवली. मग त्यांनी विचारलं, “हर्षा… आता सांगू का वं मी लोकायले गाडीचं?”

हर्षानं आबाजींच्या गळ्यात हात टाकले आणि लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली.

सुजय निघाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली.

“हर्षा, एक सांगायचंय,” तो अडखळला. “हे मी तुझ्यासाठी नाही लिहिलं. तू मला कधीच दिसली नसतीस, तरी हेच लिहिलं असतं.”

तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. “म्हणूनच तं,” ती म्हणाली, “तुमी विचाराच्या आधीच लग्नाले हो म्हणून राहिली मी.”