भोंबलची पाठवणी

भवतोष पाकडाशी यांनी कोन्नगरच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्या झाल्या मासे पाळायला घेतले. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी कोलकात्याच्या मासेबाजारात जायचं, पिशवीत दोन रंगीत मासे घेऊन यायचं आणि दिवसभर काचेसमोर खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा संसार. त्यांची बायको इंदुलेखा म्हणायची, "माझ्याकडे इतकं टक लावून लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं." यावर मास्तर म्हणायचे, "तू काचेपलीकडे कुठे होतीस?"

भोंबल आला तो काच चाटायला. बाजारात त्याला नुसतं 'सकर' म्हणतात. बोटाएवढा काळा मासा, अंगावर खवल्यांऐवजी हाडाचे पत्रे, तोंड पोटाकडे वळलेलं. काचेला चिकटायचा आणि शेवाळ खरवडून खायचा. टाकी अशी लख्ख ठेवायचा की पाहुणे हात लावून बघत, काच आहे की नाही. इंदुलेखाचा त्याच्यावर भारी जीव. काकडीची चकती दोऱ्याला बांधून पाण्यात सोडायची आणि "भोंबल, ये रे सोन्या" करत बसायची.

आठ वर्षांत तो हातभर लांब झाला. टाकी तीन फुटांची. वळताना त्याची शेपटी एका काचेला आणि डोकं दुसऱ्या काचेला लागायचं, बाकीचे मासे कोपऱ्यात घाबरून उभे. बाजारातला दुकानदार परत घेईना. "मोठा सकर कोण घेतो, मास्टरमोशाय? फेकून द्या कुठेतरी."

फेकायचा कसा? घरात आठ वर्षं जेवलेला जीव.

तो दिवस विजयादशमीचा होता. गल्लीतल्या बायका दुर्गेला निरोप द्यायला मांडवात गेल्या होत्या. देवीच्या गालांवरून विड्याचं पान फिरवायचं, ओठांना संदेश ही मिठाई लावायची, सिंदूर लावायचा आणि कानाशी सांगायचं, पुन्हा ये. जा असं कुणी म्हणत नाही. इंदुलेखा मांडवातून परतली तेव्हा ताटात पान, सिंदूर, अर्धा संदेश उरला होता. मागच्या दाराशी तळ्याचा घाट. मास्तर भोंबलला बादलीत घेऊन पायऱ्यांवर उभे.

"थांबा," ती म्हणाली. "असा रिकाम्या हाती नाही पाठवायचा."

तिने बादलीत वाकून पान फिरवलं. संदेशाचा कण पाण्यात सोडला. भोंबलच्या काळ्या कपाळावर बोटाने सिंदूर टेकवला, तो लगेच पाण्यात विरघळला.

"अगं, शंख पण फुंकतेस का?" मास्तर हसले.

"गप्प बसा." तिचे डोळे भरले होते. "ये रे बाबा. पुन्हा ये. आपल्याच घरी ये."

मास्तरांनी बादली उलटी केली. एवढं मोठं तळं, त्यात एक मासा, काय होणार आहे? असं त्यांना वाटलं, आणि शास्त्र शिकलेल्या माणसाला असं वाटावं याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

तळं गल्लीच्या सामाईक मालकीचं, पण राखायचा सनातन बाग. त्याचा बापही तेच करायचा. सनातन तळ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायचा आणि माणसांशी फारसं बोलायचाच नाही. मौरला, पुंटी, खोलशे अशा बोटभर माशांनी तळं भरलेलं असायचं. कडेच्या बांबूवर खंड्या. पावसाळ्यात बेडकांचा असा गलका की मास्तरांना रेडिओ मोठा करावा लागे.

हिवाळ्यात पाणी नितळ झालं. पहिल्यांदा सगळे खूश. घाटाच्या सातव्या पायरीपर्यंत दिसायचं, मग बाराव्या, मग तळसुद्धा. लोक म्हणत, सनातनने काहीतरी औषध टाकलं. सनातन मात्र फाल्गुनात मास्तरांच्या दारात येऊन उभा राहिला. हातातलं जाळं कोरडं होतं.

"मास्टरमोशाय, तुम्ही पाण्याचे जाणकार. जरा तपासून बघता का? पिल्लं नाहीत. एक अंडं दिसत नाही."

मास्तरांनी बाटलीत पाणी भरून आणलं, घरातल्या रसायनांनी तपासलं. पाण्यात काही खोट नव्हती. त्यांना कारण ठाऊक होतं. सकर दुसऱ्यांची अंडी खातो, हे त्यांनी आठ वर्षांपूर्वीच वाचलं होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "बघू, पाऊस पडू दे."

वैशाखात घाटावर पाणकावळा मरून पडला. चोच उघडी, गळा फुगलेला. सनातनने चाकूने गळा चिरला तर आत विटीएवढा काळा मासा आडवा अडकलेला, पंखांचे काटे ताठ. अंगावर पत्रे.

एकटा मासा, मग हे पिल्लू कुठून आलं? मास्तरांनी मनातल्या मनात बराच हिशेब केला. तो जुळेना.

त्या दिवशी त्यांनी सनातनला सगळं सांगून टाकलं. सनातन बराच वेळ चाकू गवताला पुसत राहिला.

"मला सांगायचं होतंत. मी कापला असता. पाप माझ्या माथी आलं असतं, तुमच्या कशाला? पाणी तर राहिलं असतं."

"सापडला की मी माझ्या हाताने मारीन. आणि तळं तुला जसं होतं तसं परत देईन. शब्द देतो."

"घरात बौदींना विचारलंत का?" सनातन म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हापासून मास्तरांच्या घशाखाली घास उतरेना. खंड्या आधीच गेला होता. बांबू रिकामा. गल्लीत सनातन समोरून आला तरी मान खाली घालून जायचा, आणि मास्तरांना ते चाबकासारखं लागायचं. गळ टाकून झाला, जाळं लावून झालं. शेवटी ज्येष्ठात पंप आणून तळं उपसलं. सगळी गल्ली काठावर उभी. पाणी गेलं, चिखल उघडा पडला. एक शिंपला नाही, गोगलगाय नाही. भोंबल नाही.

मात्र काठाला बिळं होती. सकर बिळं करतोच, त्यात नवल नाही. पण तीन काठ धड होते. फक्त मास्तरांच्या घराकडच्या काठाला अकरा बिळं, ओळीने, गुळगुळीत, वरच्या दिशेने चढत गेलेली. सनातनने हात घातला, खांद्यापर्यंत गेला तरी शेवट लागेना.

"घरची वाट लक्षात आहे त्याच्या," तो म्हणाला. हसायचा त्याचा प्रयत्न होता.

आषाढात पावसाच्या लोंढ्यांनी तळं पुन्हा भरलं.

त्याच महिन्यात अंगणात पट्टे दिसू लागले. दर पावसाळ्यात अंगणाची फरशी हिरवी होते, पाय घसरतो. एका सकाळी मोरीपासून तुळशीपर्यंत चार बोटं रुंदीचा पट्टा स्वच्छ. घासून नव्हे, चाटून काढावा तसा. कडा बारीक कंगोऱ्यांच्या. मास्तरांनी शाळेतली पट्टी लावून मोजला, वहीत तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन पट्टे. दोन्ही मोरीपाशी सुरू व्हायचे आणि मोरीपाशी येऊन संपायचे.

"कोण हो अंगण घासतंय?" इंदुलेखा म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

आठवडाभरात अंगण आरशासारखं झालं. मग न्हाणीघराच्या भिंती. मग स्वयंपाकघरात पाट्याखाली, जिथे कुणाचा हात पोचत नाही तिथे. माजघरातली ओल घोट्यापर्यंत नाहीशी झाली, मग गुडघ्यापर्यंत. घर इतकं स्वच्छ त्यांनी लग्नात रंग दिला होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. पट्टे आता मोरीकडे परत जात नव्हते.

आवाज यायचा तो दुपारी. भात खाऊन दोघं पडायचे, गल्ली सामसूम, ऊन खिडकीत. आणि ओल्या भिंतीवर करवंटी घासावी तसं, खर्र, खर्र. थांबायचं. पुन्हा खर्र. मास्तर दोनदा उठून गेले. भिंत ओली होती आणि वास तळ्याचा. बाकी काही नाही. खाटेखाली एक काशाची ताटली होती, तिच्यात काकडीची पातळ चकती.

"इंदू, हे काय?"

"काकडी आहे." ती कूस बदलत म्हणाली. "आता चष्म्याशिवाय काकडीसुद्धा ओळखू येत नाही का?"

श्रावणातल्या एका संध्याकाळी तळ्याकडून एक बेडूक ओरडला. एकटाच. मास्तर चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारी धावले. दुसऱ्याने उत्तर दिलं. घाटावर सनातन गुडघाभर पाण्यात उभा होता, ओंजळीत काहीतरी धरून.

"मौरला!" तो ओरडला. "मास्टरमोशाय, मौरलाची पिल्लं! पाणी बघा, गढूळ झालंय!"

इतका आनंद गढूळ पाण्याचा कुणाला झाला नसेल. मास्तर चपलांसकट पाण्यात उतरले. सनातनने त्यांच्या हातावर ओंजळ रिकामी केली, चांदीच्या टिकल्यांसारखे जीव वळवळले. "मेला वाटतं तुमचा भोंबल," सनातन म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्याकडे सरळ बघून हसला.

मास्तरांनी पिल्लं हळूच पाण्यात सोडली. ते घरी आले. अंगणात मोरीच्या तोंडाशी उभे राहिले. तो मेला नव्हता. तो तळ्यात नव्हता, एवढंच. मारायचा शब्द दिला होता खरा. पण माजघरातून इंदुलेखाच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. कित्येक वर्षांत ती अशी गुणगुणली नव्हती. आपण पाळला, तर आपल्या घरात राहू दे. तळ्याला त्रास नको. यात गैर काय आहे?

त्यांनी वीट आणली, सिमेंट कालवलं आणि मोरी आतल्या बाजूने पक्की बुजवली. न्हाणीघराचीही. पाणी बादलीने बाहेर फेकू लागले. आता तो परत जाऊ शकणार नव्हता.

त्या रात्री ते पोटभर जेवले.

भिंतींवरची ओल भाद्रपदात संपली. मोऱ्या बंद, बाहेरचं पाणी नाही, आत शेवाळाचा ठिपका नाही. काकडी ताटलीत तशीच सुकू लागली. खर्र-खर्र मात्र चालूच होतं. आता ते खालून यायचं, खाटेजवळून.

एका दुपारी मास्तर अर्धवट झोपेत होते. हात खाटेवरून खाली लोंबत होता. बोटांना काहीतरी गार लागलं. ओलं. गोल. त्याने बोटं तोंडात धरली आणि हळूहळू खरवडू लागलं.

दुखत नव्हतं.

पलीकडच्या खाटेवरून इंदुलेखाने कुजबुजून विचारलं, "जागे आहात?"

"नाही."

"हलू नका. बुजेल."

ते हलले नाहीत. डोळे उघडले नाहीत. आणि थोड्याच वेळात त्यांना अशी गाढ झोप लागली, जशी लहानपणी आईने केसांतून हात फिरवला की लागायची.

दशमी आली. इंदुलेखा या वेळी मांडवात गेली नाही. म्हणाली, "आता कुणाला निरोप द्यायचाय?" तळ्यावर खंड्या परतला होता. सनातनने पहिली मौरला केळीच्या पानात बांधून आणून दिली, इंदुलेखाने मोहरी वाटून केली. दोघं समाधानाने जेवले आणि आडवे झाले. तो रोजचाच क्रम झाला होता. आता दुपारी खाटाही नको वाटायच्या. गार फरशीवर चटई टाकून दोघं गाल टेकून झोपायचे.

नोव्हेंबरात मास्तर पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले. इंदुलेखाही सोबत होती. खिडकीतली मुलगी त्यांच्याच विद्यार्थ्याची लेक होती. तिने यंत्र पुढे केलं. मास्तरांनी अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. अंगठा पुसून पुन्हा ठेवला. मग तर्जनी. मग सगळी बोटं, दोन्ही हातांची.

"मास्टरमोशाय," मुलगी हसत म्हणाली, "काकू भांडी घासायला लावतात वाटतं? यंत्र म्हणतंय, इथे बोटच नाही."

मास्तरांनी हात उजेडात धरला. बोटांची टोकं नितळ होती. एक रेघ नाही.

"त्यांचं काय घेऊन बसलीस," इंदुलेखाने खिडकीतून हात आत घातला आणि तळवा उघडला. "माझा बघ की."

मुलीने बघितलं. ती हसायची थांबली.

आयुष्याची नाही, भाग्याची नाही, एकही रेघ नव्हती. तळवा लाटलेल्या पुरीसारखा सपाट होता. मास्तरांनी नजर वर केली आणि भर दुपारच्या उजेडात, बऱ्याच दिवसांनी, बायकोचं तोंड नीट पाहिलं. त्रेसष्ट वर्षांची बाई. कपाळावर आठी नव्हती. डोळ्यांशी सुरकुती नव्हती. भुवयाही जवळजवळ नव्हत्या. आणि ती इतकी सुखी दिसत होती.

"चला ना," ती म्हणाली. "जेवायची वेळ झाली त्याची."

मास्तरांनी मान डोलावली. त्यांनाही कधीची झोप येत होती.