स्पेसबारची तक्रार

कीबोर्डच्या दुकानात डोळे मिटून उभ्या असलेल्या मुलीकडे लोक बघणारच. ती मात्र खुशाल उभी होती. काउंटरवर मांडलेल्या एकेका कीबोर्डवर बोटं ठेवायची, दोन वाक्यं टाइप करायची, नाक मुरडायची आणि पुढे सरकायची.

"झोप लागली की काय?" शेजारून कुणीतरी विचारलं.

"ऐकतेय," ती डोळे न उघडता म्हणाली. "जरा गप्प बसता का?"

तो खरंच गप्प बसला. इतका, की शेवटी तिनंच डोळे उघडून पाहिलं. समोर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक तरुण उभा होता. केस विस्कटलेले, शर्टाच्या बाहीला कसलंसं ग्रीस. दवाखान्यातून परस्पर इकडे आलेला दिसतोय, असं तिला वाटलं.

"सॉरी हं, डॉक्टर. तुम्हीच सांगा, यातला सगळ्यात कमी आवाजाचा कुठला?"

"एकही नाही," असं म्हणून तो काउंटरची फळी उचलून सरळ आत गेला.

गल्ल्यावरच्या मालकीणबाईंना हसू आवरेना. "अगं, तो कसला डॉक्टर? दुरुस्तीवाला आहे आमचा. ती नळी कीबोर्डला लावून कान देऊन बसतो, म्हणून अख्खा बाजार त्याला डॉक्टर म्हणतो."

ती कानापर्यंत लाल झाली. आणि तो आतून एक रिकामा सांगाडा आणि बटणांची डबी घेऊन आला, तेव्हा हसू दाबत होता हे तिला स्वच्छ दिसलं.

"आवाजाचा त्रास कुणाला होतो?" त्यानं विचारलं.

"बाबांना. ते हॉस्पिटलात एक्स-रे काढतात, कायमची रात्रपाळी. दुपारी झोपतात. आमची खोली एकच, मधे नुसता पडदा. आणि मी नेमकी दुपारीच काम करते."

"काम काय?"

"मालिकांच्या खाली अक्षरं येतात ना, ती मी लिहिते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. बोलणं लिहायचंच, पण आवाजही लिहायचे. दार करकरलं, लांब कुठे गाडी थांबली, कुणी उसासा सोडला..."

बटणांच्या डबीतला त्याचा हात थांबला. "म्हणजे तुम्ही ऐकण्याचेच पैसे घेता."

"असंच म्हणा. आणि संध्याकाळी शर्यतीचा गेम खेळते. तेव्हा बटण दाबलं की गाडी वळलीच पाहिजे, उशीर चालणार नाही."

"मग साधा रबराचा नको. शांत असतो, पण बोटं भरून येतात आणि गाडी वळते खड्ड्यात पडल्यावर." त्यानं डबीतून एक बटण काढून तिच्या तळहातावर ठेवलं. "मेकॅनिकलच घ्या, म्हणजे प्रत्येक बटणाला वेगळी स्प्रिंग असलेला, पण हे आतलं बटण सायलेंट. आत रबराचा बारीक तुकडा असतो, तळाला आपटू देत नाही. खाली फोम घालतो, स्पेसबारच्या तारेला ग्रीस लावतो. मीच बांधून देतो. पण एक सांगू? तुम्ही बटणं दाबत नाही, ठोकता."

"तुम्ही ऐकत होतात?"

"तुम्हीच म्हणालात ना, गप्प बसा," तो म्हणाला. "गप्प बसलं की ऐकूच येतं."

त्या तळहातावरच्या बटणाची ऊब घरी पोचेपर्यंत गेली नाही. बटण प्लास्टिकचं, त्याला कसली आलीय ऊब... पण तिला जाणवत होती, त्याला कोण काय करणार?

कीबोर्ड बांधून आला आणि काय सांगावं, दृष्ट लागेल असा झाला. ती टाइप करत राहिली आणि पडद्यापलीकडे बाबा चक्क घोरू लागले. कित्येक वर्षांत त्यांना दिवसा अशी झोप लागली नव्हती. संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "आज काम नव्हतं का गं तुला?"

तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घोटभर. मग तिच्या लक्षात आलं, की आता त्या दुकानात जायचं काही कारणच उरलं नाही. आणि तिचा चेहरा पडला.

कारण नसेल तर काढावं लागतं. ती कीबोर्ड पिशवीत घालून दुकानात हजर.

"स्पेसबार," ती म्हणाली. "डावीकडे दाबला की आत काहीतरी... वाळलेल्या पानावर पाय पडल्यासारखं."

त्यानं स्टेथोस्कोप कानाला लावला. दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं. कपाळाला आठी पडली. "मला नाही ऐकू येत."

"मला येतं," ती म्हणाली आणि नजर चुकवून रस्त्याकडे पाहू लागली.

"मग असणार. तुमचे कान कामाचे आहेत." असं म्हणून त्यानं अख्खा कीबोर्ड उघडला. तो मान खाली घालून तार बसवत होता आणि ती त्याच्या मनगटाकडे पाहत होती. तेवढ्यासाठीच तर आली होती ना.

मग सवयच लागली. कधी एंटर जड लागायचा, कधी एका कोपऱ्यात 'चिमटीत साखर चुरडल्यासारखा' आवाज यायचा. खोट्या आवाजांची वर्णनं करण्यात तिचा हात कोण धरणार? पोटापाण्याचा धंदाच तो. तो प्रत्येक वेळी मनापासून ऐकायचा, मनापासून खोलायचा, आणि दारात तिला पाहिलं की ओरडून मालकीणबाईंना सांगायचा, "तक्रार आली."

तिचं नावच तक्रार पडलं. तिला ते नाव इतकं आवडलं, की घरी आरशासमोर एकदा स्वतःलाच हाक मारून पाहिली.

एका पावसाळी संध्याकाळी दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्यानं दोन कीबोर्ड शेजारी शेजारी लावले आणि शर्यतीचा गेम सुरू केला. "चल, बघू तुझी गाडी कशी वळते." तो 'तुझी' म्हणाला हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिले. त्याचं कोपर तिच्या कोपराला लागलं, आणि तिची गाडी सरळ कठड्यावर.

"हरलीस."

"कीबोर्डमध्ये दोष आहे."

"कुठे?"

"शेजारी," ती म्हणाली.

तो हसला. मग बाहेर रस्त्यापलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ती बंद शटरची खोली दिसते? भाड्यानं मिळतेय. बाई म्हणतात, स्वतःचं काढ. नुसते हातानं बांधलेले शांत कीबोर्ड. आणि इकडे एका लांबच्या कारखान्याकडून बोलावणं आलंय. कीबोर्ड तपासायची नोकरी, पक्की."

"खोली घे," ती म्हणाली. "मी रोज येईन."

"बघू. आधी तुझी तक्रार संपू दे. तुझ्या कानाला माझं काम पटलं, की समजेन हात चालतो."

ती हसली. गोड बोलतोय, चिडवतोय, असं तिला वाटलं. अगं वेडे, तो चिडवत नव्हता. तो अगदी साधं, सरळ बोलत होता. त्याच्यापुढे आजवर इतक्या जातिवंत कानाचं माणूसच आलं नव्हतं. जो आवाज त्याला नळी लावूनही ऐकू येत नव्हता, तो तिला नुसत्या कानानं ऐकू येत होता. म्हणजे दोष आपल्या कानात, आपल्या हातात, असा त्यानं सरळ हिशोब केला. आणि ती मात्र पुढच्या तक्रारीचं वर्णन मनात घोळवत, छत्री न उघडताच घरी गेली.

पुढच्या वेळी ती ठरवून निघाली होती, की आज खरं सांगून टाकायचं. दारात पाय ठेवला. "तक्रार आली" ऐकू आलं नाही. तो मान वर करून नुसता बघत होता, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. तिनं कीबोर्ड काउंटरवर ठेवला. खरं सांगितलं तर काय... आपण खोटारड्या ठरू, तो हसेल, मालकीणबाई हसतील, आणि उद्यापासून काय म्हणून यायचं? तिची जीभ रेटली नाही.

"अजून थोडंसं... वाजतंय," ती म्हणाली.

त्यानं कीबोर्ड उघडला नाही. स्टेथोस्कोपही उचलला नाही. मागच्या फळीवरून कंपनीचं एक सीलबंद खोकं काढून तिच्यासमोर ठेवलं.

"हा घेऊन जा. चांगला आहे. माझ्या हातून तुमचं काम होणार नाही."

'तुझी'वरून तो पुन्हा 'तुमचं'वर आला होता.

"मी कारखान्याला होकार कळवलाय," तो खोक्याकडे बघत म्हणाला. "उद्या निघायचंय. वाटलं होतं, आज तुम्ही म्हणाल की जमलं. मग 'नाही येत' असं कळवून टाकलं असतं. पण ठीक आहे. आपल्याला जे ऐकूच येत नाही, ते नीट कसं करणार?"

बोल ना. आता तरी बोल. गल्ल्यावर मालकीणबाई होत्या, दोन गिऱ्हाइकं होती. ज्या मुलीला उसासा कसा लिहायचा हे ठाऊक होतं, तिला एक वाक्य बोलता आलं नाही.

"मला हाच राहू दे," एवढंच ती म्हणाली आणि आपला कीबोर्ड छातीशी धरला.

त्यानं ग्रीसची एक छोटी डबी तिच्या पिशवीत टाकली. "राहू दे जवळ. मी असणार नाही."

घरी येऊन ती कामाला बसली. मालिकेत नायिका दारात उभी राहून रडत होती आणि तिला लिहायचं होतं, हुंदक्यांचा आवाज. तिनं लिहिलं. पडद्यापलीकडे बाबांना जाग आली नाही.

त्यानंतर पाऊस संपला, थंडी आली आणि गेली. कीबोर्डच्या दुकानासमोरच्या त्या खोलीत इस्त्रीचं दुकान निघालं. ती त्या रस्त्यानं जायचं टाळू लागली. आणि एका दुपारी, काम ऐन रंगात असताना, स्पेसबार वाजला. डावीकडे. वाळलेल्या पानावर पाय पडल्यासारखा.

तिला वाटलं, भास. पुन्हा दाबला. पुन्हा वाजला. अगदी तिनं रचला होता तसाच, जसाच्या तसा.

"काय गं खडखडतंय?" पडद्यापलीकडून बाबा झोपेतच म्हणाले. "दाखवून आण ना त्या तुझ्या डॉक्टरला."

ती फोन घेऊन बाहेरच्या जिन्यात जाऊन बसली, मांडीवर कीबोर्ड. त्याचा नंबर तिच्याकडे होता. इतके दिवस नुसता बघायला होता. पलीकडे घंटा वाजली.

"हॅलो?"

"मी... तक्रार."

पलीकडे एक दार लागल्याचा आवाज झाला. मग, "बोला."

"स्पेसबार वाजतोय. या वेळी खरंच."

'या वेळी' त्याच्या लक्षात आलं नसावं. तो म्हणाला, "फोन जवळ धरा, ऐकू दे." तिनं दाबून दाखवला. "हो," तो म्हणाला. "वाजतोय." आणि त्या एका शब्दात इतकी सुटका होती, की तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. "मला ऐकू आलं. ग्रीस वाळलंय. डबी आहे ना? टोपण वर उचला, हळूच. खाली तार दिसेल, तिच्या डाव्या टोकाला लावा. टाचणीच्या टोकावर राहील एवढंच."

ती त्याच्या आवाजाच्या मागोमाग हात चालवत गेली. टोपण बसवलं, दाबलं. काही नाही. नुसती शांतता.

"आता?" त्यानं विचारलं.

"आता छान आहे," ती म्हणाली. आता फोन ठेवायचा, संपलं. तिनं डोळे मिटले. "पहिल्या दिवशी पण छान होता."

"म्हणजे?"

"तू दिलास त्या दिवशी बाबा घोरत होते. काही वाजत नव्हतं. कधीच नाही. स्पेसबार नाही, एंटर नाही, तो कोपराही नाही. सगळं मी मनानं रचलं. तुला भेटायला यायचं होतं, आणि कारण नव्हतं."

पलीकडे लांब कुठेतरी कारखान्यातला माल वाहणारा पट्टा सरकत असल्याचा आवाज येत होता. 

"मी ती शटरची खोली सोडली, गं," तो म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

"माहीत आहे."

"इथे मशीन ऐकतं. मी फक्त शिक्का मारतो. नळी बाईंकडेच ठेवून आलो, म्हटलं काय उपयोग." तो थांबला. "मला वाटलं, माझे कानच गेले."

"तुझे कान चांगले आहेत. मी वाईट आहे," ती म्हणाली आणि जिन्यात बसून मुसमुसून रडली. तो ऐकत राहिला. गप्प बसलं की ऐकूच येतं, असं तोच म्हणाला होता.

मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "आता... थोडासा तरी वाजतोय का?"

तिला कळलं तो काय विचारतोय ते. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्याकडे खोटं मागत होतं. पण तिनं कीबोर्डवर हात फिरवला, त्याच्या हातानं बांधलेल्या, आणि तिच्यानं त्याला पुन्हा दोष देववेना.

"नाही वाजत," ती म्हणाली. "पण तू ये."

त्याच्या बाजूला पाळी बदलल्याची शिट्टी झाली. कुणीतरी त्याला हाक मारली.

"बघू," तो म्हणाला.

खोलीबद्दलही तो असंच म्हणाला होता.

फोन बंद झाला. ती आत आली, डोळे पुसले, उरलेलं काम पुढे ओढलं. पडद्यापलीकडे बाबा पुन्हा घोरायला लागले होते. तिनं स्पेसबार दाबला, मग पुन्हा दाबला, कान देऊन. काही ऐकू आलं नाही.