मागचे टायर किती रुंद?

ज्या वर्षी थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. आई नातवंडं सांभाळायला तिकडे गेली आणि टायरच्या दुकानात बाप-लेक दोघंच उरले. बाबांची कंबर धरलेली. त्यामुळे जॅक लावण्यापासून हवा भरण्यापर्यंत सगळं धाकटीच्या अंगावर आलं. तीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. नजरेच्या अंदाजावर तिचा विश्वास नसे, सगळं पट्टीने मोजायची. गल्लीने तिचं नाव ‘मिलिमीटर’ ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी दुकानासमोर एक लाल, बुटकी, दोनच जणांची स्पोर्ट्स कार येऊन थांबली. घडी उलगडावी तसा आतून एक उंच तरुण बाहेर आला.

“मागचे टायर बदलायचेत. सगळ्यात रुंद असतील ते द्या.”

“का?”

असं त्याला कुणी विचारलं नसावं. “म्हणजे… मामांना हवेत. गाडी मागून भरदार दिसली पाहिजे म्हणतात.”

“गाडी मामांची?”

“भंगारातून उचलून अकरा वर्षं जुळवलीय त्यांनी. आता चालवता येत नाही. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. त्याआधी, रविवारी, एकदा हिच्यातून घाट चढायचाय त्यांना. मी चालवायची, त्यांनी शेजारी बसायचं.” तो थांबला. “त्यांनी मला वाढवलंय. आजवर एवढं एकच मागितलं.”

ती चाकापाशी वाकली. “रिम आठ इंच रुंद. त्यावर दोनशे पासष्ट मिलिमीटरचा टायर म्हणजे अंगापेक्षा बोंगा. मधोमध फुगेल, कडा धड टेकणार नाहीत, आणि ओल्या रस्त्यावर तरंगेल.”

“मग किती?”

“दोनशे पंचावन्न. वरच्या पत्र्याखाली बोटभर जागा राहते. मोजून सांगतेय.”

“तुमच्या गालाला काळं लागलंय.”

“रोज लागतं.”

“नाही, तक्रार नव्हती…”

तिने खाली मान घालून नट सैल केले. “तुम्ही काय करता?”

“कवळ्या.”

“काय?”

“दातांच्या. दिवसभर लोकांचं हसू हातात घेऊन बसतो.”

ती हसली आणि तो तिच्याकडे बघतच राहिला.

“असं काय बघता?”

“धंद्याची सवय. तुमचा एक दात जरासा पुढे आहे.”

“मग, कवळी घालू?”

“छे. तो तसाच असू द्या.”

टायर चढले, गाडी गेली. त्या दिवशी तिने दोन ट्यूब उलट्या टांगल्या. बाबांनी ते पाहिलं.

गुरुवारी दुपारी तो परत आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मामांना घेऊन तो जेमतेम चौकापर्यंत गेला होता. गतिरोधकावर गाडी खाली दबली आणि मागचा टायर वरच्या पत्र्याला घासला… खर्रर्र. मामांनी छातीवर हात ठेवला आणि गाडी परत फिरवायला लावली.

“आता घाट नको म्हणतात. गाडीलाच मी नकोसा झालोय, म्हणतात.”

तिने चाकावरच्या पत्र्याखाली हात घातला. टायरची कड सोलली होती.

खुर्चीतून बाबांनी विचारलं, “माप घेताना गाडीत कोण बसलं होतं?”

“कुणी नाही.”

“मिलिमीटर मोजलेस, पोरी, आणि माणसं विसरलीस.”

मामा शेजारी बसणार हे त्याने सांगितलं होतं. तिने ऐकलंही होतं, पण शब्दांपेक्षा आवाजच जास्त ऐकला होता. हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगणार?

“आमच्याकडेही असंच होतं,” तो हळूच म्हणाला. “पेशंट तोंड उघडून बसला की कवळी नेहमीच छान बसते. कुठे लागते ते चावल्यावर कळतं. आम्ही मधे मेण ठेवतो… ठसा उमटतो.”

तिने वर पाहिलं. “मेण आहे?”

“खिशातच असतं.”

तिने दोनशे पंचेचाळीसचे टायर चढवले आणि पत्र्याच्या आतून गुलाबी मेणाची पट्टी थापली.

“गाडीत दोघं बसायला हवेत. मामांचं वजन किती?”

“पंचावन्न.”

“माझंही तेवढंच. गल्लीत सांगू नका.”

गाडी इतकी अरुंद की कोपर कुठे ठेवावं कळेना. ते तीनदा गतिरोधकावरून गेले, तीनदा जोरात वळले. प्रत्येक वळणाला तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकायचा आणि दोघंही समोर काचेकडे बघत राहायचे.

“चौथ्यांदा जाऊ? माप पक्कं होईल.”

“चौथ्यांदा गेलात तर बाबांची कंबर एकदम बरी होईल.”

मेण दबलं होतं, पण फाटलं नव्हतं. अजून सहा मिलिमीटर शिल्लक होते.

शुक्रवारी ती स्वतः मामांपुढे जाऊन उभी राहिली. “काका, चूक माझी होती. गाडीची नाही.”

म्हातारा उशीला टेकून तिला न्याहाळत होता. “आणि आता टायर आणखी बारीक?”

“हो.”

“मागून कशी दिसेल?”

“मागून बघणारे मागेच राहणार ना, काका.”

मामा हसले. खोकला येईपर्यंत हसले. मग भाच्याला म्हणाले, “रविवारी सकाळी सातला तयार राहा.”

रविवारी गाडी गेली. जागा दोनच, त्यामुळे ती दुकानातच थांबली. तीन तासांत तिने एकच पाना चार वेळा पुसला. शेवटी गाडी आली. गतिरोधक ओलांडला तरी घासल्याचा आवाज नाही.

मामा दाराला धरून सावकाश उतरले. “घाटावरच्या धरणाच्या भिंतीवर अर्धा तास बसलो. छान वाटलं. पण हा गधडा सगळ्या वाटेनं तुझंच बोलत होता. कान किटले. म्हटलं, जिला सांगायचं तिला सांग. जा, बस.” आणि ते बाबांच्या शेजारच्या खुर्चीत विसावले.

ती शेजारी बसली. त्याने किल्ली काढून हातात घेतली.

“मला… तुमच्याबरोबर राहायचंय. लग्न करून. उद्या ऑपरेशन आहे. मामांनी हो ऐकून जावं असं वाटतं. पण त्यासाठी म्हणून हो म्हणू नका.”

“त्यांच्यासाठी नाही,” ती म्हणाली. “माझ्यासाठी म्हणतेय… हो.”

खुर्च्यांतले दोन म्हातारे मुद्दाम रस्त्याकडे बघत होते.

ऑपरेशन नीट पार पडलं. मामा त्यानंतर सहा वर्षं जगले आणि सातव्या वर्षी, मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी, झोपेतच गेले.