चिंधीची तूर

शिवकन्या बांधावरून धावत सुटली तेव्हा एका पायातली चप्पल मागेच राहिली. कारणच तसं होतं! तिच्या चिंधी बांधलेल्या तुरीपाशी कुणी एक अनोळखी माणूस मोटारसायकल लावून उभा होता आणि खुशाल शेंगा सोलून खात होता.

"ओ पाव्हणं! थुंका... आधी थुंका ते!"

तो असा दचकला की हातातली शेंगच खाली पडली. असेल पंचवीस-सव्वीस वर्षांचा. भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या आणि गाल दाण्यांनी फुगलेला.

"कावून? औषध मारलंय का?"

"औषध कशाला मारू? डोळे हायत का बटनं? चिंधी दिसली न्हाई?"

"दिसली की..." त्यानं कसाबसा घास गिळला. "मला वाटलं, दृष्ट लागू ने म्हणून बांधली असंल."

"दृष्ट लागली ना आता! चिंधीचं झाड खायचं नसतंय, कापायचं नसतंय. ते बियाला राखलेलं असतंय. आमच्या वस्तीवरची शेळीसुद्धा तिकडं तोंड घालत न्हाई, आन् तुमी..."

"शेळीला सांगितलेलं असंल," तो हळूच म्हणाला. "मला कुणी सांगितलंच न्हाई."

आता यावर रागवावं की हसावं? शिवकन्येनं रागवायचं ठरवलं, पण ओठ काही ऐकेनात. मग ती मान वळवून चप्पल शोधायला लागली.

तो सन दोन हजार पंधराचा दुष्काळ होता. लागोपाठ दुसरं वर्ष कोरडं गेलेलं. विहिरींचे तळ दिसत होते, कापूस बोंडातच वाळला होता आणि माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसत होती. अशा त्या करपलेल्या रानात शिवकन्येचे आबा आश्रुबा तांदळे यांच्या बांधालगतची ही दीड एकर तूर मात्र हिरवीगार उभी होती. म्हणून तर त्या पाहुण्याची मोटारसायकल थांबली होती. भूक नंतर लागली, असं त्याचं म्हणणं.

त्याचं नाव राधाकिशन. गाव नांदूरघाट. शेतकीचं शिक्षण झालेलं आणि युसूफ वडगावच्या बियाणे सोसायटीत नुकताच नोकरीला लागलेला. दुष्काळात कुठलं पीक तग धरतंय ते बघत गावोगाव हिंडणं, हे त्याचं काम.

"हे बी कुठून आणलं तुमी?" त्यानं विचारलं.

"आणलं न्हाई. केलंय."

मग तिनं सांगितलं, आधी तुटक तुटक, नंतर भरभरून. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता. सगळी तूर वाळली आणि बांधावरचं एकच झाड हिरवं राहिलं. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी फाडून तिनं त्या झाडाला बांधली आणि त्याचं मूठभर बी जपून ठेवलं. पुढच्या वर्षी त्यातली चांगली झाडं निवडून पुन्हा चिंध्या बांधल्या. अशी सात वर्षं. लुगडं संपत आलं होतं, पण रानातली तूर आता एकसारखी झाली होती. सगळी एका उंचीची, एका दाण्याची आणि एकाच वेळी पिकणारी.

राधाकिशन ऐकता ऐकता चक्क ढेकळांत बसला होता.

"तुमाला म्हाईत हाय का, तुमी काय केलंय?" तो म्हणाला. "हा नवा वाण हाय. याची कायद्यानं नोंद होते. दिल्लीला अर्ज करायचा. नोंद झाली की उद्या कुठलीबी कंपनी हे बी आपलं म्हणून इकू शकत न्हाई."

"आन् नोंद... कुणाच्या नावानं होते?"

"ज्यानं वाण केला त्याच्या."

शिवकन्येनं तुरीकडं पाहिलं. चोवीस वर्षांत तिच्या नावावर शाळेच्या दाखल्याशिवाय काही नव्हतं. ते नाव तिला तुरीशेजारी लिहिलेलं बघायचं होतं. इतकं मनापासून बघायचं होतं, की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

आबांनी मात्र पहिल्याच दिवशी मोडता घातला. आश्रुबा तांदळे माणूस मायाळू, पण जुन्या वळणाचा.

"सातबारा माझा, तूर माझ्या रानातली. नाव माझंच टाका साहेब. पोर उद्या सासरी जाणार. सासरचे म्हणतील, तूर आमची! मग?"

शिवकन्या चुलीपाशी बसून ऐकत होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर जरा जास्तच काळी झाली. आबांपुढं ती कधी बोलली नव्हती, आजही बोलली नाही. पण राधाकिशननं तिच्याकडं एकदा पाहिलं आणि पेन उघडून अर्ज मांडीवर घेतला.

"बरं, तुमचंच टाकू," तो शांतपणे म्हणाला. "नाव शेवटी लिहितो. आधी बाकीचं सांगा आबा. पयलं झाड कुठल्या साली निवडलं?"

"ते... काय गं शिवे, कवा ते?"

शिवकन्येनं साल सांगितलं.

"फूल कितव्या दिवशी लागतंय?"

"शिवे?"

तिनं दिवस सांगितले.

"शेंगेत दाणे किती? दाण्याचा रंग कसा? दरसाली झाडं निवडताना काय काय बघितलं?"

"शिवे... आगं इकडं ये की! तिथून काय वरडायलीस?"

ती आली आणि उंबऱ्याशी बसून एकेक सांगत गेली. राधाकिशन लिहीत गेला. आबा एकदा लेकीकडं बघत, एकदा कागदाकडं. दुसरं पान उलटलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते मोठ्यानं हसले.

"साहेब, लई हुशार हाव तुमी. मला एक उत्तर येईना आन् नाव माझं टाकायला निघालो! टाका पोरीचंच. पुढचं पुढं बघू."

शिवकन्येचे डोळे भरून आले. ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली. परत आली तेव्हा त्यानं विचारलं, "वाणाचं नाव काय ठिवायचं?"

"चिंधी," ती म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. तिला वाटलं होतं, हसेल. हसला नाही. सुंदर अक्षरात त्यानं लिहिलं – चिंधी.

फेब्रुवारीत तुरीची रास झाली. अर्जासोबत बियाण्याचा नमुना पाठवायचा होता. मुदत संपायला दोन दिवस उरले होते. राधाकिशन नमुना न्यायला आला. शिवकन्येनं मोठ्या अभिमानानं पिशवी पुढं केली. त्यानं आत हात घातला आणि त्याचा चेहराच उतरला. बोटं तेलकट, राखेनं काळी झाली होती.

"हे काय केलंत?"

"एरंडेलाचा हात फिरवला, वरून चुलीतली राख. किडा लागू ने म्हणून." तिला काही कळेना. "बियाला समदेच लावतेत की!"

"समदेच लावतेत... मीबी तेच इसरलो. नमुन्याच्या बियाला काहीच लावायचं नसतंय हो. नियमच हाय तसा. आगुदर सांगायला पायजे होतं मी." तो पायरीवर मटकन बसला. "दुसरं बी?"

दुसरंही लावलेलंच होतं. कणगीतलं झाडून सगळं. सात वर्षं चिंध्या बांधल्या आणि शेवटी आपल्याच हातानं माती केली, असं शिवकन्येला वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, "मंजुळामावशी!"

शेजारच्या मंजुळामावशीची तऱ्हाच न्यारी. ती बी कधी झोडपून ठेवत नसे. शेंगांसकट पेंढी आढ्याला टांगायची आणि मिरग आला की सोलायची. शिवकन्येनं चिंधीच्या झाडांची एक मोठी पेंढी तिला दिली होती. ती आढ्याला तशीच लटकत होती, चिंधीसकट!

"न्या बाई," मावशी म्हणाली, "पण सोलायला मी न्हाई हं. तुमी दोघं हाव की धडधाकट." आणि जाता जाता दार सताड उघडं ठेवून ती ओसरीवर जाऊन बसली, पाठ फिरवून.

दोघं समोरासमोर बसली. मधे सूप. वाळलेल्या शेंगा तडतड फुटत होत्या, दाणे सुपात पडत होते. एकदा दोघांची बोटं एकाच शेंगेवर पडली... आणि दोघांनीही ती सोडून दिली.

"खाऊ नका हं," ती खाली बघत म्हणाली.

"त्या दिवसाचं अजून ध्यानात हाय?"

"तीन शेंगा खाल्ल्यात तुमी. टरफलं मोजलीत मी."

"मलाबी त्या दिवसाचं समदं ध्यानात हाय," तो म्हणाला. "तुमची चप्पलसुद्धा. निळ्या पट्ट्याची."

शिवकन्येच्या हातातली शेंग जरा जोरातच फुटली. ओसरीवर मावशी उगाचच खोकली.

नमुना वेळेत गेला. मग दिवस गेले. तो कधी सोसायटीच्या कामानं यायचा, कधी बिनकामाचा. बिनकामाचा आला की पाणी जास्त वेळ प्यायचा. आणि मार्चच्या एका दुपारी मोटारसायकल त्याच बांधावर थांबली. त्याच्या हातात पाकीट होतं.

पत्र दिल्लीचं होतं. अर्ज दाखल करून घेतल्याचं. आता तपासण्या होतील, वेळ लागेल, पण अर्ज दाखल झाला होता. वाण – चिंधी. अर्जदार – शिवकन्या आश्रुबा तांदळे.

तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. दोनदा.

"एक सांगू का?" राधाकिशन मोटारसायकलीच्या आरशाशी चाळा करत म्हणाला. "हे नाव... बदलू नका."

"म्हंजे? लगीनच करू नको का?"

"तसं न्हाई... करा की. पण असं बघा – तुरीचं नाव हाय तसं ऱ्हावं, तुमचंबी हाय तसं ऱ्हावं, असं म्हणणारा माणूस बघा. म्हंजे... मी म्हणतो तसं. म्हंजे... मीच." एवढं बोलून तो घामाघूम झाला. "माझ्याशी कराल का?"

तिनं कमरेला खोचलेली हिरवी चिंधी काढली. लुगड्याचा तो शेवटचा तुकडा होता. राधाकिशननं भाबडेपणानं मनगट पुढं केलं.

"अगं बया! राखी हाय का ती?" ती खळखळून हसली आणि चिंधी तिनं मोटारसायकलीच्या मुठीला बांधली. गाठ ओढून पक्की केली. "हं. आता कुणी हात लावायचा न्हाई."

तो आनंदानं वेडाच व्हायचा राहिला. ती चिंधी मिरवत तो वस्तीवरून गेला तेव्हा सगळ्यांनी पाहिली. चिंधीचा अर्थ वस्तीला कुणी सांगायची गरजच नव्हती.

आबांनीही पाहिली. त्यांनी हात करून मोटारसायकल थांबवली. चिंधी दोन बोटांत धरली आणि लुगडं ओळखलं. मागून शिवकन्या धापा टाकत येऊन उभी राहिली होती, एका पायात चप्पल नव्हती. आबांनी तिच्या अनवाणी पायाकडं पाहिलं. मग त्यांनी राधाकिशनला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"काय गं शिवे," ते म्हणाले, "दुष्काळात टिकंल का ह्यो?"

"टिकंल, आबा."

"मंग चहा टाक. आत या साहेब."