पडद्यापलीकडचा हात

खुर्चीत बसवून त्याने तिच्या छातीभोवती पट्टा गुंडाळला, बोटाला चिमटा लावला, तेव्हा कुठे तिला शंका आली की आपण चुकीच्या खोलीत शिरलोय.

पण तो इतका गडबडीत होता, की बोलायला फटच मिळेना. "नेहमीसारखा श्वास घ्या. आता सावकाश. सोडताना घ्यायच्यापेक्षा जास्त वेळ." एवढंच म्हणून तो संगणकाच्या पडद्याकडे वळला.

सावकाश श्वास म्हणजे तिच्या हातचा मळ! लहानपणापासून ती बाबांच्या शेजारी बसून प्राणायाम करत आलेली. आता त्यांच्याच योगवर्गात शिकवत होती. तिने डोळे मिटले. पडद्यावर हृदयाच्या ठोक्यांची रेघ श्वासाबरोबर अलगद वर चढू लागली, खाली उतरू लागली...

"इतकी सुरेख लाट मी आजवर पाहिली नाही," तो पुटपुटला. मग प्रयोगासाठी आलेल्यांच्या यादीवरून बोट फिरवत म्हणाला, "तुमचं नाव सापडत नाहीये."

"कसं सापडेल? मी काकूचा रिपोर्ट न्यायला आलेय."

"मग बसलात कशाला?"

"तुम्ही 'बसा' म्हणालात ना!"

त्याचे कान लाल झाले. इतका हुशार माणूस आणि चेहरा असा, की आत्ता कुणीतरी खाऊ हिसकावून घेतलाय. तिला हसू आवरेना.

रुग्णालयाच्या त्या प्रयोगशाळेत त्याला सगळे 'काटेकोर' म्हणत. श्वास बदलला की हृदय कसं बदलतं, हा त्याचा अभ्यास. ध्यानीमनी नसताना तीही त्यात सामील झाली. मापं घेऊन झाली की दोघं खिडकीपाशी चहा प्यायचे आणि भांडायचे.

"प्राण म्हणजे ऑक्सिजनच ना?" तो मुद्दाम डिवचायचा.

"ऑक्सिजन सिलिंडरमध्येही असतो. सिलिंडर जिवंत असतो का?"

"बरं... मेंदूपासून पोटापर्यंत एक लांब नस जाते. श्वास लांबवला की ती हृदयाला म्हणते, हळू. एवढं मी मोजू शकतो."

"बाबा तिलाच प्राणाची वाट म्हणतील."

"म्हणू देत की. फक्त वाटेत पाट्या कुणी भलत्या लावू नयेत."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

बाबांच्या वर्गाबाहेर मात्र एक पाटी होतीच – तळहातातून प्राणशक्ती देऊन उपचार. तो हसेल म्हणून ती त्याला सांगायला कचरत होती, पण बाबाच म्हणाले, "घे म्हणावं परीक्षा. सोन्याला कसली भीती?"

परीक्षा साधी होती. पडद्याच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला दोन्ही हात आरपार सरकवून बसलेला माणूस. बाबांनी त्यातल्या एका हातावर, स्पर्श न करता, तळवा धरायचा आणि त्या माणसाने कुठला हात ते सांगायचं. माणसं बदलत गेली. ती कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी.

निकाल सांगायला तो स्वतः घरी आला. "काका, उत्तरं नाणं उडवून आल्यासारखीच आली. तुमच्या श्वासाच्या शिकवण्याचा फायदा दिसतो, स्वच्छ दिसतो. तळहाताचा... नाही दिसला."

बाबा उठून आत गेले. ती मात्र त्याच्यामागे जिन्यापर्यंत धावली. "थोडं सांभाळून सांगता आलं नसतं?"

"आलं असतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण मग उद्या तुझ्याशी कुठल्या तोंडाने खरं बोललो असतो?"

"माझ्याशी बोलूच नकोस!"

तो खरंच बोलला नाही. तिने जाणं सोडलं. वर्गात 'श्वास सोडा' म्हणताना तिचाच सोडायचा राहून जायचा... पण फोन काही तिने केला नाही. राग नाकावर आणि डोळे दाराकडे!

एका सकाळी ती वर्गावर पोचली, तर बाबा स्टुलावर चढून पाटीवरची ती ओळ रंगाने पुसत होते.

"बाबा, राहू द्या ना."

"का राहू द्यायची? लोक माझ्याकडे बसून हलके होऊन जातात, ते मला दिसतं. कशाने होतात, ते मला वाटलं तसं नव्हतं." कुंचला थांबला. "दोन रात्री झोप नाही लागली. पण एक सांगू? ज्या घरची मुलगी आवडते, त्या घरात येऊन बापाला असं सांगायचं, तर पंचप्राण एकवटावे लागतात. त्या पोराने एकवटले."

"आवडते म्हणून... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्याला काय यंत्र लागतं?"

ती तशीच निघाली. तो प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर एकटाच बसला होता, दाढी वाढलेली. तिला पाहून धडपडत उठला.

"बाबांनी जेवायला बोलावलंय," ती म्हणाली.

"मला? रागावले नाहीत?"

"जावई पारखून घ्यायचा म्हणतात."

"पण मी अजून... तुला विचारलंच कुठेय?"

"मग विचार की!"

तो बोलायला गेला आणि शब्द एकमेकांत अडखळले. "तू... म्हणजे मी... आपण दोघं जर..."

"अरे, आधी श्वास घे," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटून छाती भरून श्वास घेतला. आणि तो सोडायच्या आत ती 'हो' म्हणून मोकळी झाली.